घाईबाई आणि फिरती डिस्क

घाईबाईचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नसे. बाई अशी, की दूध उतू जाईल म्हणून आधीच गॅस बंद करायची आणि मग "दूध तापलंच कसं नाही?" म्हणून नवऱ्यावर डाफरायची!

बरीच वर्षं ती माल वाहणाऱ्या पट्ट्याखाली सांडलेली लोहखनिजाची भुकटी झाडत होती. भुकटी कसली, पिठाहून बारीक. तशीच भट्टीत टाकली तर निम्मी उडून जाते नि उरलेली हवेची वाट बुजवते. म्हणून तिच्यात थोडी चिकणमाती मिसळून ती तिरक्या, गरगर फिरणाऱ्या भल्यामोठ्या डिस्कवर सोडायची आणि वरून पाण्याचा फवारा मारायचा. लोळता लोळता तिची बोराएवढी गोळी होते, कडेवरून उडी मारते आणि भाजायला जाते.

घाईबाईला झाडू सोडून ती डिस्क चालवायची होती. पहिल्या परीक्षेत गोळ्या होईनात म्हणून तिनं पाण्याचा कॉक फिरवला. लगेच फरक दिसेना, म्हणून आणखी फिरवला. मग आणखी. डिस्क जरा उशिरानंच ऐकते, पण बाईला कुठला दम! बघता बघता नारळाएवढे चिखलाचे गोळे उसळायला लागले आणि एक थेट परीक्षा घेणाऱ्या मेस्त्रींच्या बुटावर आदळला.

"हात बांधून ठेवत जा गं," नवरा घरी म्हणाला.

"मग कॉक काय दातांनी फिरवू?" ती फणकारली. पण मनात ते राहिलं.

दुसरी परीक्षा शेवटची होती. नेमकी तेव्हाच कोरडी भुकटी आली. कडेवरून गोळ्यांऐवजी धूळ पडायला लागली. घाईबाईनं कॉक किंचित फिरवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसली. बोटं वळवळत होती, पण बाई हलली नाही. धूळ काही थांबेना. शेवटी डिस्कपाशीच केस पिकवलेल्या मेस्त्रींचाही धीर सुटला. "अगं, थोडं पाणी..." म्हणत त्यांनी कॉककडे हात नेला.

फटकन चापट बसली. "मेस्त्री, हात मागे!"

मेस्त्री आ वासून बघतच राहिले. घाईबाईनं हात पटकन पुन्हा मांडीखाली खुपसला. झालं, आता जन्मभर झाडू! तेवढ्यात कडेवरून टप् आवाज आला. मग टप् टप्. मग गोळ्यांची रीघच लागली.

मेस्त्रींनी एक ओली गोळी गुडघ्याएवढ्या उंचीवरून पत्र्यावर टाकली. उचलून पुन्हा टाकली. पुन्हा. गोळी जराशी चपटली, पण फुटली नाही.

"पास," ते हात चोळत म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून डिस्क तुझी."

घाईबाई ताडकन उठली. "पुढच्या महिन्यापासून? आजपासून का नाही?"

"बस खाली," मेस्त्री हसत म्हणाले, "आणि हात घाल मांडीखाली!"