फोटोत फक्त हात

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी दाणे भाजत होते. गॅस बंद केला आणि गुडघ्यांना दोन शिव्या हासडत दार उघडायला गेले. बाहेर पंचविशीची एक मुलगी आणि तिच्या मागे तिशीतला एक तरुण उभे होते. दोघांच्या छातीवर आमच्या क्लबचे बिल्ले. त्याच्या हातात फळांची कापडी पिशवी.

"नमस्कार आजी. आम्ही सेवा क्लबमधून आलोय. थोडा वेळ बसलो तर चालेल?"

हे वाक्य माझं होतं. अक्षरशः माझं. 'तुम्हाला भेटायला आलोय' असं म्हणायचं नाही, कारण मग समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. घर त्यांचं आहे, परवानगी आपण मागायची. हे मी कितीतरी नव्या सभासदांना घोकून घेतलं होतं. आणि आता ते वाक्य माझ्याच दारात उभं राहून मला आजी म्हणत होतं.

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि लगेच बदलापूरच्या या क्लबात शिरले. हे म्हणायचे, ऑफिस सुटलं तरी तुझी मस्टरवर सही करायची हौस काही फिटली नाही. खरंच होतं ते. रक्तदान, डोळे तपासणी, पाड्यावरच्या शाळांना वह्या, पुराच्या वर्षी घरोघर खिचडी, सगळीकडे मी पुढे. पण माझं म्हणावं असं काम एकच, 'सोबत'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे रविवारी जाऊन बसायचं. औषध नाही, उपदेश नाही, नुसतं बसायचं.

जायचं जोडीनं, हा पहिला नियम. माझ्या जोडीला एक निवृत्त शिक्षिका होती, माझ्याहून उंच आणि माझ्याहून शांत. मी घरात शिरताच बडबड सुरू करायची आणि ती खुर्ची ओढून नेमकी त्या माणसाच्या बाजूला बसायची. बेलवलीपासून खरवईपर्यंत आम्ही दोघी किती जिने चढलो, किती पाणचट चहा प्यायलो! पुढे ती मुलाकडे पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "तू चालू ठेव गं." मी हो म्हणाले.

दुसरा नियम फोटोचा. त्यावरून मी क्लबात भांडण केलं होतं, आणि माझं भांडण म्हणजे शेजारच्या हॉलपर्यंत ऐकू जाणारं. झालं असं, की उल्हासनगरला आम्ही थंडीत ब्लँकेटं वाटली. एका सिंधी आजोबांचा ब्लँकेट घेतानाचा फोटो कुणीतरी मोठा करून कार्यक्रमाच्या बॅनरवर लावला. पुढच्याच मीटिंगला ते आजोबा आले. ब्लँकेट नीट घडी घालून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बेटा, ठंड तो लगती है. पर मार्केट में मेरी दुकान थी. वहाँ सबने फोटो देखा." एवढं बोलून गेले. चहासुद्धा घेतला नाही. त्या दिवसापासून मी हट्टच धरला, कुणाचाही चेहरा दाखवायचा नाही, फोटोत फक्त हात. देणगीदारांना चेहरे लागतात, हातांच्या फोटोला कोण विचारतो, असं खूप बोलले लोक. मी ऐकलं नाही.

आणि तिसरा नियम निघताना पाळायचा. दाराशी आल्यावर प्रत्येक म्हातारं माणूस विचारतं, परत कधी येणार? त्यावर 'नक्की येतो' म्हणायचं नाही. सोनिवलीच्या एका आजोबांनी आम्हाला हा धडा दिला. "फुडल्या आयतवारी येनार ना?" त्यांनी विचारलं आणि आम्ही दोघी मोठ्या तोंडानं नक्की म्हणालो. पुढच्या रविवारी नेमकं शिबिर निघालं. त्यानंतर गेलो तर शेजारणीनं सांगितलं, त्या रविवारी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते, जेवायलाही उठले नाहीत. तेव्हापासून ठरलं, 'प्रयत्न करू' एवढंच म्हणायचं. हसून म्हणायचं, पण तेवढंच.

तर या सगळ्याची मी जन्मदात्री, आणि हे दोघं मला ओळखत नव्हते. त्यांचा दोष नव्हता. हे गेले, मग गुडघे गेले. मीटिंग आता स्टेशनच्या पूर्वेला भरते, तीही दुसऱ्या मजल्यावर. आधी एक महिना चुकला, मग दुसरा, मग मीटिंगचा वार कोणता हेही मी विसरले. जुने पांगले, नवे आले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र मी आहे अजून. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल.

"आत या," मी म्हणाले.

सुरुवातीला गंमतच वाटली. म्हटलं, बघू तर खरं पोरांना कितपत शिकवलंय. चहा नको म्हणतात का? नाही, घेतला. घड्याळाकडे बघतात का? मुलानं एकदा बघितलं, मी मनातल्या मनात मार्क कापले. घरातल्या एखाद्या वस्तूबद्दल विचारतात का? मुलीनं विचारलं. टेबलावरच्या क्रोशाच्या रुमालाला बोट लावून म्हणाली, "हे तुम्ही बनवलंय? क्या बात है! माझी मम्मी तर बटनपण नीट लावत नाही."

मी हसले. मग रुमालाबद्दल सांगितलं, रुमालावरून ह्यांच्याबद्दल सांगितलं, नागपूरच्या लेकीबद्दल, तिच्या सासूच्या आजारपणाबद्दल. ती मुलगी ऐकत होती. खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसली होती. त्या खुर्चीवर माणूस बसलेलं पाहून किती दिवस झाले होते, ते मला तेव्हा कळलं.

तुमच्या लक्षात आलं असेल, सांगायची वेळ तीच होती. अरे, मी तुमच्याच क्लबची, हा प्रकल्प माझाच. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. दोघं ताडकन उठले असते. सॉरी मॅडम, गैरसमज झाला मॅडम, खालच्या काकू म्हणाल्या वर एक आजी एकट्याच असतात, म्हणून आलो. पिशवी घेऊन पुढच्या घरी गेले असते. त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले असते, रविवार छोटा असतो. सभासदाला सोबत मिळत नाही, सोबत लाभार्थ्याला मिळते. मी बशीत अजून दोन चकल्या काढल्या.

निघताना मुलगा म्हणाला, "आजी, एक फोटो घेऊ का? फेस नाही येणार, फक्त हात. आमचा रूल आहे तसा."

"चांगला आहे रूल," मी म्हणाले आणि हात पुढे केले.

दुपारी तो फोटो ग्रुपवर आला. 'बेलवली परिसरातील एकाकी ज्येष्ठ भगिनीस स्नेहभेट.' एकाकी हा शब्द आधी दिसला, मग हात. चष्मा लावून, दोन बोटांनी मोठा करून पाहिला. सुजलेले सांधे. उजव्या मनगटावरचा तांबूस डाग. एका रक्तदान शिबिरात चहाच्या पिंपाची तोटी निघाली आणि उकळता चहा माझ्या हातावर आला, त्याचा तो डाग. मागे क्रोशाचा रुमाल, ज्याच्यावर अर्ध्या क्लबानं माझ्या हातचं थालीपीठ खाल्लेलं आहे.

आता कुणीतरी ओळखणार, असं मला वाटलं. खरं सांगते, भीती वाटली आणि आशाही वाटली. अहो हा तर मॅडमचा रुमाल, असं कुणीतरी लिहील. जुन्यांपैकी कुणीतरी फोन करील, ओरडेल, हा काय प्रकार? मी फोन ओट्यावर ठेवून भांडी घासली. प्रत्येक टिंगला हात पुसून पाहत होते.

टाळ्या येत होत्या. ग्रेट वर्क टीम. खूप स्तुत्य उपक्रम. ज्याच्या मुलीच्या लग्नात मी रुखवत मांडलं होतं त्यानं दोन अंगठे टाकले. आणि संध्याकाळी पुण्याहून माझ्या जोडीदारणीचे जोडलेले हात आले. त्या शिबिरात माझ्या मनगटावर माठातलं पाणी ओतत, स्वतःचा पदर ओला करून गुंडाळणारी तीच होती. फोटो आला, हात जोडले, पुढे सरकली असणार. मी तिला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार, की तो हात माझा होता?

शेवटी मीच लिहिलं, 'छान.'

अध्यक्षांचं लगेच उत्तर आलं, 'थँक्यू मॅडम! तब्येत सांभाळा. कधीतरी येत जा मीटिंगला.'

आमच्या पद्धतीप्रमाणे एका घरी एकदाच जायचं नसतं, निदान दुसऱ्यांदा तरी जायचं. त्यामुळे पुढच्या रविवारी ती दोघं येणार, हे मला माहीत होतं. सकाळी पोहे भिजवले. कपाटातून पोपटी साडी काढून नेसले. मग आरशात पाहिलं आणि सोनिवलीचे ते इस्त्रीच्या शर्टातले आजोबा आठवले. लाज वाटली. साडी सोडून घरातली नेसले, केस मुद्दाम थोडे विस्कटले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. खिडकीतून आमच्या बिल्डिंगचं गेट दिसतं.

ती आली. ह्या वेळी मुलानं घड्याळ बघितलं नाही. मी पोह्यांवर लिंबू पिळत असताना मुलीनं माझा हात धरला आणि मनगट उलटं केलं.

"आजी, हे कसलं निशाण आहे? त्या दिवशी फोटो काढताना बघितलं, पण विचारायचं राहूनच गेलं."

सगळा गाव ज्या डागावरून टाळ्या वाजवत पुढे गेला, त्यावर या पोरीनं बोट ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळं सांगून टाकावं, तिच्या खांद्यावर डोकं ठेवावं, असं वाटलं. पण सांगितलं की ती मॅडम म्हणणार आणि मग हात सोडणार. मला हात सोडवायचा नव्हता.

"चहानं पोळलं होतं," मी म्हणाले. "एका कार्यक्रमात."

"अरे बापरे. काळजी घ्यायची ना," ती म्हणाली आणि तो डाग अंगठ्यानं हळूच चोळला.

तासभर बसली दोघं. मी जुन्या अंबरनाथच्या गोष्टी सांगितल्या, काही दोनदा सांगितल्या बहुतेक. मग त्यांनी बशा आत नेऊन ठेवल्या आणि चपला घातल्या. दुसरी भेट झाली होती. यापुढे जायचं की नाही, हे जोडीनं आपापलं ठरवायचं असतं. हेही मीच ठरवलेलं. दाराला हात टेकून मी उभी होते. विचारायचं नाही, असं सकाळपासून स्वतःला बजावलं होतं.

"पुढच्या रविवारी येणार ना गं?"

मुलीनं मान किंचित कलती केली. छान हसली.

"प्रयत्न करू, आजी."

अगदी बरोबर म्हणाली. जिन्यावरून त्यांची पावलं खाली जाईपर्यंत मी दार उघडं ठेवलं. नक्की येतो म्हणाली असती तरी मला चाललं असतं. खोटं म्हणाली असती तरी चाललं असतं.