कच्चा टाका

माझ्या नणंदेला कंपनीत सगळे सुईताई म्हणत. नाव शोभायचंही, बोलणंही तसंच टोचरं. मी तिथे भांडारात कामाला. शिवणकाम येणारी बाई हवी आहे असं कानावर आलं आणि मी ताईंचं नाव पुढे केलं. नणंद दिवसभर घराबाहेर राहिलेली कोणत्या भावजयीला नको असते?

काम होतं शीड शिवून त्याची घडी घालायचं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, चंदेरी शीड. उपग्रह निकामी झाला की त्याने ते पसरायचं आणि शिडाला अडणाऱ्या विरळ हवेमुळे हळूहळू खाली येऊन जळून जायचं, म्हणजे वर भंगार साठत नाही. जमिनीवर ते दरवेळी नीट उघडायचं. पण गिऱ्हाइकं म्हणत, वर एकदा उघडून दाखवा, मग घेतो. तेव्हा चाचणीसाठी एक छोटा उपग्रह वर जाणार होता. दुसरा पाठवायची कंपनीची ऐपत नव्हती. शीड उघडलं नाही तर आम्हा सगळ्यांनाच घरी बसावं लागणार होतं.

शिवणारा माणूस कच्चा टाका लाल दोऱ्याने घालतो, म्हणजे नंतर तो डोळ्यांना दिसतो आणि ओढून काढता येतो. पण ताईंच्या खोलीत रंगीत दोऱ्याला बंदी, रंग झडतो म्हणे. घड्या सरकू नयेत म्हणून ताईंनी चंदेरी कापडावर चंदेरी दोऱ्यानेच कच्चे टाके घातले आणि घड्या बसल्यावर एकेक करून काढले.

वरून फोटो आला तेव्हा आम्ही सगळे पडद्यापुढे जीव मुठीत धरून उभे होतो. तीन कोपरे पसरलेले, चौथा गोळा होऊन बसलेला. शीड पसरवायची मोटर ज्याने बसवली होती, त्या मोटरवाल्याला मोठे साहेब नको नको ते बोलले. तो बिचारा मान खाली घालून म्हणत होता, "असेल, माझंच चुकलं असेल."

मी ताईंकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. त्या गोळ्यात एके ठिकाणी चुणी पडली होती, आणि चुण्या ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"त्याला बोलू नका," ताई म्हणाल्या. "टाका राहिलाय. माझा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कच्चाच आहे ना? मोटर पूर्ण जोराने फिरवली तर तुटेल?"

ते ‘हो’ ऐकायलाच बसले होते. ताईंनी म्हणून टाकायचं ना ‘हो’.

"दोरा तुम्हीच दिलाय," ताई म्हणाल्या. "काही झालं तरी तुटणार नाही असं सांगून."

तरी मोटर फिरवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. "तूट रे मेल्या, तूट," ताई पुटपुटत होत्या, आणि मीही. थोड्या वेळाने मोटरवाला म्हणाला, "जळाली."

नवा फोटो आला. कोपरा होता तिथेच.

माणसं एकेक करून निघून गेली. ताई पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी चुणीवर बोट ठेवलं. "हा बघ, इथे आहे," त्या मला म्हणाल्या. "नुसती कात्री लावायचीय गं." आणि त्या नखाने पडदा खरवडू लागल्या. मी त्यांचा हात धरला, पण त्या थांबेनात.