दिवसा पाण्यात, रात्री धानात

गेल्या वर्षी, धान पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना, एका रविवारी दुपारी आमची जेट-स्की वैनगंगेच्या मधोमध बंद पडली. चालवणारे आमचे जावई, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान होते. मागे पर्यटक नव्हता. इंजिन बंद पडायचं कारण बॅटरीचा चिमटा निसटणं हे होतं, आणि तो चिमटा त्यांनीच बसवला होता. मी काठावर उभा होतो. मला वाईट वाटलं नाही.

धरणाचं पाणी फुगलं तेव्हा आमचं खालचं शेत बुडालं, वरचं राहिलं. बुडालेल्या शेतावरच्या पाण्यात बाबांनी ही जुनी जेट-स्की सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या लोकांसाठी चालवायला घेतली. वरच्या शेतात रानडुकरांसाठी तारेचं कुंपण आणि रात्री त्या तारेत विजेचा झटका सोडणारी झटका मशीन होती. झटका मशीनलाही बारा व्होल्टचीच बॅटरी लागते. जुनी बॅटरी मेली, तेव्हा बाबांनी नवी घेतली नाही. जेट-स्कीची बॅटरी संध्याकाळी काढून शेतात न्यायची, सकाळी परत आणून बसवायची, असं सुरू झालं. आमच्या भागात बॅटरी एका जागी राहत नाही. ज्याची गरज, त्याच्याकडे ती जाते.

ती काढणं अवघड होतं. सीट उचलायची, आत पाना घालायचा, आधी काळ्या वायरचा बोल्ट, मग लाल वायरचा. खालचा नट सुटला की थेट तळाच्या पाण्यात. बाबांचा उजवा अंगठा मळणीयंत्राने कायमचा ताठ करून ठेवला आहे. नट शोधताना ते सगळ्या देवांची नावं घेत. त्याच काळात त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, की दसऱ्याला चाबी दुसऱ्याच्या हाती देणार. जेट-स्की ज्याच्या हाती, घाटावरचा धंदा त्याच्या हाती. मी नागपूरची वर्तमानपत्राची नोकरी सोडून त्यासाठीच घरी आलो होतो. जावई सिहोऱ्याकडचे, धानाचे व्यापारी. सुट्टीला यायचे आणि राहायचे.

आमच्याकडे जावयाला अहो म्हणतात, मुलाला अरे. पहिला चहा त्यांच्यापुढे ठेवला जाई. बाबा घाटावर आले की आधी विचारत, "जवाईबापू कुठं हायेत?" मी समोर उभा असे.

बॅटरीचा प्रश्न जावयांनी एका दुपारी सोडवला. बोल्ट काढून टाकले आणि झटका मशीनला असतात तसे दातेरी चिमटे जेट-स्कीच्या वायरींना लावले. दाबा, सोडा, बॅटरी मोकळी. बाबांनी ताठ अंगठा बाजूला ठेवून तळहाताने चिमटा दाबून पाहिला आणि हसले.

मी म्हणालो, "बाबा, झटका मशीनले करंट कमी लागते. हे स्टार्टर हाय. चिमटा तापन, नाही तं लाटेवर निसटन."

"त्यायले कळते," बाबा म्हणाले. "तू पेपरात होतास ना गा."

त्यानंतरचा रविवार वर लिहिला आहे. जेट-स्की आपल्या डोंग्याला, लाकडी होडीला बांधून काठावर आणणारा मासेमार ढिवर जावयांना म्हणाला, "घोडा पाण्यात बसला का जी, जवाई?" घाटावरचे सगळे हसले. जावईही हसले. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "लाट मोठी होती."

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला गेलो. ई-रिक्षाच्या बॅटरीला जो जाड चपटा प्लग असतो, त्याच्या दोन जोड्या आणल्या, एक लागणारी, एक जास्तीची. या प्लगची दोन्ही अर्धी तोंडं सारखीच असतात, कुठलंही कुठल्यालाही बसतं. एक अर्धं जाड तांब्याच्या वायरीने बॅटरीला जोडलं, दुसरं जेट-स्कीला. शॉर्ट होऊ नये म्हणून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर रबरी टोप्या घालून वरून टेप गुंडाळला. आता पाना नको, नट नको. बाबांनी एका हाताने प्लग ओढला. सुटला. पुन्हा लावला. इंजिन पहिल्या दाबाला सुरू झालं.

"बेस केलं," बाबा म्हणाले. चाबी त्यांच्या कमरेच्या करदोड्याला होती. त्यांचा हात तिकडे गेला असं मला वाटलं. पण त्यांनी बॅटरी उचलली आणि ते शेताकडे निघाले. जावई मागे गेले. मी सीट बसवून थोड्या वेळाने पोचलो.

दिवस मावळत होता. बाबा झटका मशीनचे चिमटे हातात धरून बांधावर बसले होते.

"हिले कुठं पकडू गा?" त्यांनी मला विचारलं. "सारंच तं झाकून ठेवलंस."

मी टेप सोडायला वाकलो.

"राहू द्या, भाऊ," जावई म्हणाले. त्यांनी खिशातून प्लगची जास्तीची जोडी काढली. ती मी घाटावर ठेवली होती. झटका मशीनचे चिमटे पकडीने तोडले, तिथे प्लगचं अर्धं तोंड बसवलं आणि बॅटरीच्या तोंडाला जोडलं. मशीन टकटक करू लागली. "प्लग भाऊनंच आणला, मामाजी. मी फक्त इकडं लावला."

"फक्त," बाबा म्हणाले. "त्यानं पाण्याचं पाह्यलं. तुमी धानाचंबी पाह्यलं."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी तारेकडे पाहत होतो.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर बाबांनी करदोड्याची गाठ सोडली आणि चाबी जावयांना दिली. बहिणीने मला विचारलं, "दादा, काहून गप हायेस?" मी सांगितलं, दात दुखून राहिला.

त्या हंगामात डुकरं आमच्या धानात शिरली नाहीत. जेट-स्की पुन्हा पाण्यात बंद पडली नाही. प्लग मी आणलेलाच आहे. आज संध्याकाळी तो जावयांनी काढला आणि बॅटरी शेतात नेली.