कुसळीच्या टेकडीवरचं बर्फ

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मालक पलटणीत गेले, खेचरं सांभाळायला. मोठी लढाई संपली तेव्हा सासरे बैलगाडी घेऊन जालन्याच्या स्टेशनावर गेले आणि त्यांना घेऊन आले. मला त्यांचा चेहरासुद्धा धड आठवत नव्हता. एक उंच, रापलेला माणूस गाडीतून उतरला. मी पदर पुढे ओढून चुलीकडे वळले.

राजूरच्या अलीकडे माळाला लागून आमचं घर, शंभरेक मेंढरं, थोड्या बकऱ्या. मालक कळपामागे जात, पण जेवताना घास हातात तसाच राही. पारावर त्यांनी एकदा बर्फाची गोष्ट काढली, तर लोक हसले. त्यानंतर बोलणंच बंद. सासूबाई म्हणायच्या, "पोरगं आलं, पर अर्धं तिकडंच राह्यलं."

फाल्गुनात एका दुपारी मी अंगणात लोकर पिंजत होते. पांढरा ढीग पायाशी साचला होता. मालक येऊन जवळ बसले. त्यांनी मूठभर लोकर उचलली आणि हळूहळू खाली सोडली.

"असंच पडतंय," ते म्हणाले.

"काय?"

"बर्फ."

मला गारा तेवढ्या ठाऊक. मग ते सांगू लागले. चारी बाजूंनी निळा समुद्र असलेलं एक बेट. "खाली संत्र्याला फुलं आल्ती. ऊन असं, की अंगात सदरा नको वाटायचा. अन् मधात डोंगर, त्याच्यावर ह्याच दिवसांत गुडघाभर बर्फ." त्यांचा साहेब पायांना लांब फळ्या बांधून त्या डोंगरावर चढायचा आणि घसरत खाली यायचा. मालक साहेबाचं सामान खेचरावर लादून मागून जायचे आणि जिथं खेचराचे पाय बर्फात रुतायचे, तिथं थांबायचे. एकदा साहेबानं फळ्यांची दुसरी जोडी त्यांच्यापुढे टाकली आणि म्हणाला, चल.

"घसरत येणं ठीक," मी म्हटलं, "पर चढता कसं? मागं न्हाई का येत फळी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून एवढं सरळ पहिल्यांदाच. ते उठले, वळणीवरचं बकरीचं कातडं घेऊन आले आणि माझा तळहात त्यावर ठेवला. "असा फिरव." हात अलगद सरकला. "आता उलटा." केस उभे राहिले, हात अडला.

"हे फळीच्या खालून बांधायचं. पुढं जाती, मागं येत न्हाई. वर गेल्यावर सोडायचं, अन् मंग..." त्यांचा पंजा हवेत सपाट झाला आणि सावकाश उतरत माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबला.

"मंग मला दाखवा," मी म्हटलं. कुठून धीर आला कोण जाणे.

सुताराकडून त्यांनी फळ्या करून आणल्या, टोकं वाफेवर वाकवून. कातड्याच्या पट्ट्या मी कापल्या. चैत्रातल्या एका दुपारी घरचे आडवे झाले होते, तेव्हा आम्ही निघालो. मागच्या टेकडीवर कुसळीचं गवत वाळून पांढरंफटक पडलं होतं. मालक फळ्या सरकवत चढत होते, मी बाजूनं चालत होते. गवताचा फसफस आवाज तेवढा.

माथ्यावरून खाली पाहिलं. रानं रिकामी झाली होती आणि चहूकडे मृगजळ हलत होतं. बाभळी त्यात अर्ध्या बुडाल्या होत्या.

"समिंदर," ते म्हणाले.

मी काही समुद्र पाहिला नव्हता. मी हो म्हटलं.

त्यांनी पट्ट्या सोडल्या, फळ्यांना एरंडेल चोळलं आणि निघाले. आधी हळू, मग सर्रकन. हात पसरून डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. खाली कुठंतरी दगड लागला आणि ते गडगडले. मी ओरडत धावले. मालक पाठीवर पडून हसत होते.

"आता तू."

"मी? लुगड्यात?"

"कासोटा घट्ट खोच. बिलकुल भिऊ नको."

त्यांनी माझे पाय फळ्यांना बांधले, हात धरून बरोबर धावले आणि मध्येच हात सोडला. जमीन पायांखालून वाहू लागली. कानांत वारा, समोरून पांढरं गवत वर वर येतंय, आणि अंगाला वजनच नाही. असं किती वेळ चाललं, सांगता येत नाही. पापणी लवेपर्यंतचंच असेल. मग मी गवतात बसलेली होते आणि लुगडंभर कुसळं होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठं गेल्तीस गं?"

मी काही बोलायच्या आत मालक म्हणाले, "मी नेलतं, माय. बर्फ दाखवायला."

त्या काही रागावल्या नाहीत. मला पुढ्यात ओढून एकेक कुसळ उपटू लागल्या. मालक उंबऱ्यावर टेकले आणि आपणहून सांगत सुटले. जहाज, ते बेट, तिथली माणसं, सगळं. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

"मेंढरं व्हती का तिथं?" त्यांनी मधेच विचारलं.

"लई. ही अशी जाड शेपटाची."

"मंग बरी जागा दिसती," सासूबाई म्हणाल्या आणि माझा पदर उलटा करून दुसऱ्या बाजूची कुसळं काढायला लागल्या.