बागूल मॅडमची खुर्ची

बागूल मॅडमच्या खोलीत एकच मोठी खुर्ची होती. गोल फिरणारी, उंच पाठीची. त्या खुर्चीत मॅडम स्वतः बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. त्या भिंतीकडच्या लाकडी बाकावर बसायच्या, पोरांच्या आईबापांच्या शेजारी. कॉलेजातलं कोणतंही पोर ‘पुढं काय करू’ म्हणून विचारायला आलं, की मॅडम त्याला खुर्ची दाखवायच्या आणि म्हणायच्या, “ज्याचा प्रश्न त्याची खुर्ची. बाकावरच्यांनी विचारायचं, सांगायचं नाही.”

मला हे ठाऊक नव्हतं. मी पहिल्या दिवशी आत गेलो आणि थेट त्या खुर्चीत जाऊन बसलो. घरात, सोसायटीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही गेलो तरी मला खुर्ची देतात. म्हाताऱ्या माणसानं दुसरं काय करायचं?

मी तिथं भांडायला गेलो होतो. माझी नात तेजू तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला फौजदार करायचं हे मी ठरवून टाकलं होतं. नुसतं ठरवलं नाही, तिच्या वाढदिवसाला मखमलाबादच्या चौकात मोठा फ्लेक्स लावला होता. तिचा फोटो, त्याच्या खाली फेटा बांधलेला माझा फोटो, आणि वर जाड अक्षरांत ‘भावी फौजदार’. लोक भावी नगरसेवक लावतात, भावी आमदार लावतात. आमची पोरगी तर खरोखर अभ्यास करत होती. मग आम्ही का लावू नये? तेव्हापासून तेजू चौकातून जायचं सोडून मागच्या बांधानं कॉलेजला जायला लागली. मला वाटलं, लाजते.

एकदा जेवताना ती हळूच म्हणाली, की कॉलेजात करिअरचं मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम आहेत. त्यांनी विचारलं, पोलिसात जायचं हे तू कधी ठरवलंस? तर मला आठवेनाच. माझा मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. तो माझ्यापुढं बोलत नाही. मी मात्र ताटावरून उठलो. कोण ही बाई, जी आमच्या घरातलं ठरलेलं मोडते? दुसऱ्या दिवशी झेंडू बाजारात पोचवला आणि टोपी झटकून, तेजूला घेऊन कॉलेजात हजर झालो.

मॅडम ठेंगण्या, सुती साडीतल्या, गळ्यात चष्म्याची दोरी. मूळच्या नामपूरच्या. बोलणं शहरी, पण जीव गुंतला की अहिराणी यायची. मी खुर्चीत बसलेलो पाहून त्यांनी तेजूला बाकावर बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, “बरं झालं आलात बाबा. सांगा, तुम्हाला काय व्हायचं होतं?”

मी म्हटलं, “माझं काय विचारता? मी नातीचं बोलायला आलोय.”

“खुर्चीत तुम्ही बसलात ना? मग आज प्रश्न तुमचा.”

चेष्टा करते की काय म्हणून मी तोंडाकडं पाहिलं. तर चेहरा अगदी सरळ. आता उठावं तर घाबरलो असं होईल, म्हणून मी बसून राहिलो. त्यांनी विचारलं, फौजदारच का? तलाठी का नको, शिक्षक का नको? मी म्हटलं, सरकारी नोकरी आहे. त्या म्हणाल्या, “आणि?” मी म्हटलं, मान आहे. त्या पुन्हा म्हणाल्या, “आणि?” त्या बाईचा हा एक शब्द लय वाईट होता. आवाज न चढवता, घाई न करता ‘आणि’ म्हणायच्या आणि वाट बघायच्या. माणसाला वाटायचं, आपण अजून काही बोललोच नाही.

तिसऱ्या की चौथ्या ‘आणि’ला माझ्या तोंडून ते निघालं. मी बायकोला सांगितलं नव्हतं, मुलाला सांगितलं नव्हतं. तरुण असताना शहरातल्या द्वारका चौकात माझा फुलांचा टेम्पो बंद पडला होता. एका फौजदारानं टेम्पोवर काठी मारली, शेवंतीचं पोतं रस्त्यात टाकलं आणि मला सगळ्या बाजारकऱ्यांसमोर कान धरून उभं केलं. त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, माझ्या घरात वर्दी आणून दाखवीन. मुलाची उंची भरली नाही. तेजूची भरली.

मग बाकावरून तेजूनं विचारलं, “आबा, तो फौजदार आता रिटायर झाला असेल ना?”

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. मी म्हटलं, या खुर्चीला कमरेला टेका नाही, आणि उठून बाकावर आलो. मॅडमनी फक्त मला जागा करून दिली.

मी चुकलो असं मी त्या दिवशी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मान मागण्यात कसली चूक? पण तो मान मिळवायला उभं कोणी राहायचं, हे मी कधी विचारलं नव्हतं, एवढं खरं.

मग तेजू खुर्चीत बसली. मला वाटलं, आता ही काहीतरी मोठं सांगणार. ती म्हणाली, “मला माहीत नाही.” मला राग आला, पण मॅडम खूष झाल्या. म्हणाल्या, “हे तुझं स्वतःचं उत्तर. आता कामाला सुरुवात करता येईल.”

माझी समजूत अशी होती, की असे मार्गदर्शक मार्क बघतात आणि डॉक्टर गोळी देतो तसं एक करिअर लिहून देतात. मॅडमनी काहीच दिलं नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, “बाबा, पोरं उत्तर पाठ करून येतात. कोणी बापाचं, कोणी मैत्रिणीचं, कोणी मोबाइलमधलं. ते कोणाच्या आवाजात बोलतात, तेवढंच मी ऐकते.” आणि ऐकून झालं की त्या पोरांना काम बघायला पाठवायच्या. “पगार सगळेच बघतात. कामाची दुपार बघून ये. सकाळी सगळ्यांनाच हुरूप असतो.”

तेजूला त्यांनी पहिल्यांदा पोलिसांकडंच पाठवलं. त्या म्हणाल्या, आबांचंही बघायचं, न बघता नको म्हणायचं नाही. हे मला बरं वाटलं. त्यांच्या ओळखीच्या एक हवालदारबाई त्र्यंबकेश्वरला बंदोबस्तावर होत्या, त्यांच्याबरोबर तेजू दिवसभर गर्दीत उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, बाई फार चांगल्या आहेत, पण मी दुपारभर घड्याळच बघत होते. मग ती माती तपासतात तिथं गेली, औषधांच्या कंपनीत गेली, आणि एका दवाखान्याच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये गेली. लॅबमधून आली त्या दिवशी तिचा डबा तसाच भरलेला होता. जेवायचं विसरले म्हणाली. भूक धरवत नाही अशी पोरगी ती.

मला वाटलं, झालं, ठरलं. मी स्वतः मॅडमना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, “एक डबा परत आल्यानं ठरत नसतं. कंटाळा येईपर्यंत जाऊ दे. कंटाळा आल्यावरही जावंसं वाटलं, तर बघू.”

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. एका पोराला त्यांनी इतकं थांबवून विचार करायला लावलं, की त्याचं सैन्यभरतीचं वय निघून गेलं. ही गोष्ट दुसऱ्या कोणी नाही, त्यांनीच मला सांगितली. प्रत्येक आईबापाला सांगायच्या. म्हणायच्या, माझ्यावरही सगळं सोपवू नका.

तेजूनं लॅबचा कोर्स केला आणि एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागली. चौकात लोक मला विचारायचे, आबा, फौजदाराचं काय झालं? मी म्हणायचो, “फौजदार आला तरी तिच्यापुढं बाही वर करूनच बसतो.” हसायचे, पण गप्प व्हायचे.

मागच्या वर्षी बागूल मॅडम त्याच दवाखान्यात तपासायला आल्या. सुई टोचायला दुसरी मुलगी पुढं आली, तर म्हणाल्या, तेजूच घेईल. हे तेजूनं घरी हसत सांगितलं. पण दोन-चार दिवसांनी ती कामावरून आली आणि ओट्याशी नुसती मेथी निवडत बसली. मी विचारलं, मॅडमचं काय निघालं?

“आबा, पेशंटचं घरी सांगायचं नसतं.”

मी म्हटलं, “मी काय परका हाय? माझ्यामुळं तुझी नि त्यांची एवढी ओळख. मी घरातला मोठा माणूस विचारतोय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. डोळे भरलेले होते, पण हात थांबले नाहीत. “तरी नाही.”

माझ्या घरात मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय निघालं असेल ते मला तिच्याकडं बघूनच कळलं होतं.

सकाळी मी मॅडमच्या घरी गेलो. त्यांनीच दार उघडलं. “बाबा, आठे बसा,” म्हणत मला शेजारी बसवून घेतलं. थोड्या वेळानं विचारलं, “तेजूनं सांगितलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “लय विचारलं. मोठेपणा दाखवला, ओरडायलाही निघालो. नाय सांगितलं तिनं.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या सकाळनंतर आमचं बोलणं फारसं झालं नाही, उन्हाळ्याच्या आत त्या गेल्या. पण त्या सकाळी त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि त्यांच्या नामपूरच्या बोलीत म्हणाल्या,

“मंग आते खरी लागनी ती नोकरीले.”