गेटवर अडलेला नवरदेव

गेल्या रविवारी माझ्या मामेबहिणीचं, प्रतीक्षाचं लग्न होतं आणि मी किनवट लाईनवरच्या आमच्या छोट्या स्टेशनात ड्युटीवर. स्टेशन मास्तर आहे मी... ड्युटी काही बदलून मिळाली नाही. मंगल कार्यालय रुळांच्या पलीकडे, रेणापूरचं वऱ्हाड येणार अलीकडून, आणि मधे आमचं रेल्वे गेट. जाणकारांनी एवढ्यावरच कपाळाला हात लावला असेल!

मुहूर्त दुपारचा. पण वऱ्हाडानं मारुतीच्या देवळापुढे डीजे लावला आणि असे नाचले, असे नाचले की विचारू नका. मामा निरोपावर निरोप धाडत होते. शेवटी नाचणं आटोपलं, सगळ्या गाड्या गेटवर आल्या... आणि गेट बंद.

आता हे पुन्हा एकदा सांगतो, कारण सांगून सांगून तोंड दुखलं तरी कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आमची लाईन एकेरी. किनवटकडून येणारी मालगाडी आधी स्टेशनात बाजूच्या लाईनवर घ्यायची, आणि लगेच मुदखेडकडून आलेली एक्स्प्रेस त्याच गेटवरून पुढे सोडायची. म्हणजे एकदा बंद झालेल्या गेटवरून दोन गाड्या जाणार, दोन्ही दिशांनी.

आणि सिग्नल हिरवा झाला की गेट लॉक होतं. गेटमननं ठरवलं तरी ते उघडत नाही. उघडायचं तर मी सिग्नल लाल करायचा, तोही भरधाव आलेल्या गाडीच्या तोंडावर... का, तर आमचं लग्न आहे म्हणून!

मामांचा फोन आलाच. "भाच्या, गेट उघड. मुहूर्त टळून राहिला!"

मी म्हटलं, "मामा, गाडीला सिग्नल दिलाय."

"मग घे की माघारी! आपलाच मानूस तिथं बसलाय अन् आपल्याच लग्नात खोडा घालायलास?"

मग मामी. मग मावशी. मग कोण तो फोटोग्राफर, त्याला माझा नंबर कुणी दिला देव जाणे! मोबाईल पालथा घातला आणि कामाला लागलो.

मालगाडी आत आली. गेटवर लोकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या... गाडी गेली, आता उघडा! मी तोवर एक्स्प्रेसला सिग्नल दिला होता. गेटमन गंगाधरचा गेटफोन आला, "सर, लोकं आयकंनात. बाईका दांड्याखालून घालायलेत." मी ओरडलोच, "एक्स्प्रेस आलीच आहे, कुणाला सोडू नको!" तर फोन तसाच लटकत राहिला. नुसता गलका ऐकू येत होता.

एक्स्प्रेस समोरून धडधडत गेली. मी हिरवी झेंडी धरून उभा, पण जीव सगळा गेटवर. गेटच्या बाजूनं गाडीचा लांबलचक हॉर्न ऐकू आला.

बऱ्याच वेळानं गंगाधर फोनवर आला. "सर, नवरदेव बाजूला हाय. धरून ठिवलंय."

झालं होतं असं, की जावईबापू फेटा-मुंडावळ्यांसकट गाडीतून उतरले आणि गेटच्या दांड्याखालून सरळ रुळांकडे निघाले. मालगाडीचं शेपूट तिथंच उभं होतं, त्याच्या आडून येणारी एक्स्प्रेस दिसायला मार्गच नव्हता. गंगाधरनं मागून उपरणं धरून असं खेचलं की दोघंही खडीवर आडवे. वरून गंगाधर गाडी जाईपर्यंत त्याच्या छातीवर हात देऊन बसला.

तिकडे प्रतीक्षा हार घेऊन उभी असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

संध्याकाळी ड्युटी संपवून कार्यालयात गेलो तर कुणी या-बसा म्हणेना. लग्न उशिरा का होईना लागलं होतं, पण वऱ्हाडात चर्चा एकच... गेटमननं नवरदेवाच्या अंगाला हात लावला! फेटा पाडला! व्याह्यांना त्याची माफी हवी होती. मामा मला म्हणाले, "आण बोलवून त्याला."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तो येणार नाही, आणि मी आणणार नाही. आज तुम्ही जेवणावळी कशाच्या उठवल्या असत्या, याचा विचार करा जरा." मामांनी तोंड फिरवलं, ते फिरवलंच. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो नवरदेव शेजारीच ताटाकडे बघत बसला होता... एक शब्द बोलला नाही. खरं सांगतो, सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला. तसाच उपाशी घरी आलो.

आठवडाभर हेच चाललं. फॅमिली ग्रुपवर माझ्या गुड मॉर्निंगलाही कुणी उत्तर देईना. गंगाधर बिचारा मलाच विचारत होता, "सर, माझ्यावर काही यायलंय का?"

काल जोडी मांडव परतायला, लग्नानंतर पहिल्यांदाच मामांकडे आली. मी ड्युटीवरच. गेटफोन वाजला... गंगाधर वैतागलेला.

"सर, तुमच्या पाव्हन्याला सांगा की काही! गेट उघडं हाय, गाडीबिडी काही न्हाई. तरी कार उभी करून खाली उतरलेत अन् रुळाकडं डावीउजवीकडं बघून ऱ्हायलेत. मागं ही लाईन लागलीय! लोकं मला शिव्या घालायलेत."

फोनमध्ये हॉर्नचा नुसता कल्ला चालला होता. गंगाधर, तुझ्या त्या दांडगाईचे उपकार आमच्या घरात कोण मानेल, कोण नाही, माहीत नाही... मी जन्मभर मानीन.

त्याला म्हटलं, "वाजू दे हॉर्न. बघू दे त्याला नीट."