हिरवं यकृत

आमच्या भाचेजावयाला पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, भाचीनं एक अस्सल ऐदी गळ्यात बांधून घेतला! अजून आठवलं की हसू आवरत नाही. सकाळभर जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसलेला. मागून डोकावले, तर पडद्यावर मूत्रपिंड! ते तसूभर वर सरकवायचा, मान वाकडी करून बघायचा, परत खाली.

"काय चाललंय, जावईबापू?"

"पान गुदमरतंय, मावशी."

"मग खिडकी उघडा की!"

तर हे ह्याचं काम. कॉलेजची पुस्तकं सजवायची. प्राध्यापक मजकूर पाठवतात विटेसारखा ठोस. हा त्यात चित्रं, चौकटी, रंग घालतो, म्हणजे पोरं निदान दुसऱ्या पानापर्यंत जागी राहतात. स्वतःचा कप उचलून ठेवणार नाही, पण रेघ केसभर हलली तर ह्याला जेवण जात नाही.

शरीरशास्त्राच्या पुस्तकात ह्यानं यकृत केलं हिरवंगार. का, तर शेजारी सगळं लाल-तपकिरी, वेगळं उठून दिसायला हवं. प्राध्यापक मॅडमनी छपाईआधी पानं तपासली म्हणे. तपासलं काय, तर मुखपृष्ठावर स्वतःचं नाव पुरेसं मोठं आहे ना!

परीक्षा झाली आणि मॅडम तरातरा घरी आल्या. ह्याचा चेहरा पांढराफटक. दुसरी आवृत्ती हातची गेली, तर पुन्हा टूथपेस्टच्या खोक्यांवर दात चमकवत बसायचं.

"अब्रू गेली माझी! पोरांनी लिहिलंय, यकृत हिरवं असतं!"

"किती जणांनी, मॅडम?"

"अख्ख्या वर्गानं!"

"जुन्या पुस्तकात खरा रंग दिला होता ना तुम्ही?"

"मग? ठळक अक्षरांत!"

"तेव्हा काय लिहायची मुलं?"

मॅडम चष्मा पुसायला लागल्या. चांगला लख्ख झाला तरी पुसतच होत्या.

"काही नाही. कोरं सोडायची."

"म्हणजे यंदा पुस्तक उघडलं सगळ्यांनी."

मी पटकन चहा पुढे केला. हसू लपवायला काहीतरी हवंच होतं. मॅडमनी दोन घोट घेतले.

"बरं, दुसरी आवृत्ती करा तुम्हीच. पण यकृत तपकिरी!"

"तपकिरीच. हिरवा पित्ताशयाला देतो."

"पुन्हा हिरवा? अहो, सोडा ना तो रंग!"

"पित्ताशय हिरवटच असतं, मॅडम. तुमच्याच पुस्तकात आहे."

"कुठे?"

"यकृताच्या खालच्याच परिच्छेदात. मी वाचलंय ना!"